आमच्या घरातले सूर्यावर्त

औंध म्हटले की जाणत्या माणसाला तीन गोष्टी आठवतात: डोंगरावरची यमाई, श्रीभवानी चित्रसंग्रहालय आणि राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार. सूर्याला नमस्कार घालणाऱ्या ह्या गावात एक घर असे आहे, की जिथे सूर्य वर येऊ लागला म्हणजे पडदे ओढून घ्यावे लागतात. ते घर माझे.

सौभाग्यवतीला अर्धशिशी आहे, आणि तिच्या जोडीला खिन्नतेचा आजार. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. हे छापायला तिची संमती आहे. इतकेच नव्हे, तर कच्चा मजकूर वाचून तिने दोन विशेषणे खोडली. मराठीच्या प्राध्यापकाला घरात एवढा धाक हवाच!

आपल्या जुन्या वैद्यांना हे दुखणे चांगले ठाऊक होते. सुश्रुताने शिरोरोगांत अर्धावभेदक सांगितला, तसा सूर्यावर्तही सांगितला: सूर्याबरोबर चढणारी आणि सूर्याबरोबर उतरणारी डोकेदुखी. घरगुती उपाय तर दारोदार. नाकात तूप सोडा, सुंठेचा लेप लावा, सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खा. जिलबी आम्ही आठ दिवस खाल्ली. दोघांनीही, आजारी माणसाने एकट्याने पथ्य पाळावे हे बरे दिसत नाही. डोके काही थांबले नाही. वजन वाढले, तेही माझे.

महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखते, असे तीन महिन्यांहून अधिक चालते, आणि त्यांतले निदान आठ दिवस अर्धशिशीचे असतात, तेव्हा डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. हिचे सतरा-अठरा दिवस भरत. आणि खिन्नतेचे म्हणाल, तर आधी कोण, मागून कोण, ह्या वादात अर्थ नाही. अर्धशिशीवाल्याला खिन्नता येण्याचा संभव वाढतो, आणि खिन्न माणसाला अर्धशिशीचा. दोन्ही पाहुण्या एकमेकींना बोलावून आणतात.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका पहाटे ती म्हणाली, "अहो, आता उजाडूच नये असं वाटतं."

मी विचारले, "म्हणजे मरावंसं वाटतं का?"

ती बराच वेळ गप्प होती. मग "हो" म्हणाली आणि रडली. असे सरळ विचारले तर नसते ते मनात भरते, अशी समजूत आहे. मानसोपचारतज्ज्ञ नेमके उलटे सांगतात. गोळ्यांचा डबा मी त्याच सकाळी कपाटात कुलपात ठेवला, तिला सांगून. कॉलेजात रजा कळवली आणि साताऱ्याची एसटी धरली. गाडीची धडधड, डिझेलचा वास, तिच्या डोळ्यांवर ओला पंचा. रस्ताभर मी तिचा हात सोडला नाही. आमच्या पिढीत हे एसटीत करायला धैर्य लागते. अशी वेळ रात्री-अपरात्री आली, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, आणि मराठीत बोलता येते.

तेव्हापासून माझ्याजवळ एक शंभर पानी वही आहे, हजेरीपटासारखी. दुखण्याचे दिवस, झोप, पाळी, खाणे, प्रत्येक गोळी. डोक्याचे डॉक्टर वेगळे आणि मनाचे वेगळे, म्हणून ही वही दोघांपुढे उघडी ठेवायची. कारण अर्धशिशीवर सर्रास देतात त्या फ्लुनारिझिनने खिन्नता वाढू शकते. उलट अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे मूळचे खिन्नतेचे औषध कमी मात्रेत अर्धशिशीलाही उपयोगी पडते. अर्थात निवड डॉक्टरांची. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस आणि वर घेत राहिले, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, हे मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. हिचे दिवस आता नऊ-दहावर आले आहेत. विमा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितले आहे.

ह्या वाटेवर एक मराठी गृहस्थ फार पुढे गेले. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' चित्रपटालाही त्यांचा आधार होता. पुण्याला अशाच एका नातेवाइकांच्या बैठकीत मी दोनदा जाऊन बसलो. कुणी उपदेश केला नाही. एका बाईंनी विचारले, "तुम्ही स्वतः वेळेवर जेवता का?" मला उत्तर देता येईना.

दिवाळी म्हणजे आमच्या घरी कसोटी. तळणीचा वास, फटाके, लुकलुकणाऱ्या माळा, सगळेच वैरी. फराळ शेजारच्या मावशींकडून येतो. करंज्या मात्र हीच भरते, चांगला दिवस पाहून, बसून. तळायला त्या मावशींकडे जातात. कोणते काम माझे आणि कोणते तिचे, हे रोज सकाळी तीच ठरवते.

यंदा नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उजाडल्यावर होईल. अपुरी झोप म्हणजे दुखण्याला आमंत्रण. शास्त्राने रागवू नये. कंदिलात मंद पिवळा दिवा लावला आहे, आणि गल्लीतल्या मुलांशी करार झाला आहे: आमच्या दारापुढे फक्त फुलबाज्या. मोबदला माणशी दोन करंज्या. त्यांनी तीन मागितल्या होत्या. बोलणी तिनेच केली.