सांगड आणि स्की

बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना ज्या लांब फळ्या बांधतात त्यांचे ‘स्की’ हे नाव नॉर्वेजियन भाषेतून जगभर गेले. जुन्या नॉर्स भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ ‘चिरलेले लाकूड’ असा आहे. संस्कृतातील छिद् हा धातू त्याच धातुकुलातील. नावात बर्फाचा उल्लेख नाही, वेगाचाही नाही. आहे ती केवळ लाकूड चिरण्याची क्रिया. हे नाव कारागिराच्या तोंडचे आहे, प्रवाशाच्या नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही.

सोलापूरकडच्या माणसाला बर्फ परके. परंतु जो पृष्ठभाग देहाचा भार पेलत नाही त्यावरून पार कसे जावे, हा प्रश्न त्यालाही नवा नव्हता. नद्यांवर पूल नव्हते तेव्हा महाराष्ट्रातील नदीकाठच्या लोकांनी त्याला जे उत्तर शोधले त्याचे नाव ‘सांगड’. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाचे अर्थ दोन नावा एकत्र बांधून केलेला तराफा, तसेच पोहण्यासाठी जोडलेले दोन भोपळे असे दिले आहेत. संस्कृत संघाट, प्राकृत संघाड, मराठी सांगड ही परंपरा स्पष्ट आहे. संघाट म्हणजे लाकडे सांधणे. प्राकृतात ‘जोडी’ हाही अर्थ आला. ‘सांगाडा’ याच घराण्यातला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, एकसंध ओंडक्यांच्या नावा एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ म्हटले आहे. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात (१९२०) सांगड शब्दाशी हे नाव ताडून पाहिले आहे.

एक नाव चिरण्यावरून पडले, दुसरे जोडण्यावरून. दोन्हींत पाण्याचा वा बर्फाचा मागमूस नाही, हे साम्य लक्षणीय आहे.

भोपळ्याच्या सांगडीमागील हिशेब साधा, पण विलक्षण आहे. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने तोंड वर ठेवण्यास थोडाच आधार पुरतो. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल भोपळा पूर्ण बुडविला तर सुमारे १४ लिटर पाणी बाजूला सारतो. वाळल्यावर त्याचे स्वतःचे वजन मात्र अगदी कमी. अशा दोहोंच्या मधोमध माणूस निर्धास्त राहतो. एकच भोपळा कुशीखालून निसटतो, देह एका अंगाला कलंडतो. म्हणून जोडी हवी. शोधाचा खरा गाभा भोपळ्यात नसून त्या दोरीत आहे, आणि भाषेने नाव दिले ते नेमके दोरीच्या कामाला.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देव भक्ताच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला पैलतीरी आणतो, असे रूपक आहे. पोहणाऱ्याच्या अंगाला आधार बांधण्याची रीत श्रोत्यांच्या परिचयाची नसती, तर हे रूपक त्यांच्यापर्यंत पोचलेच नसते.

अर्थात शब्द रीत सांगतो, काळ सांगत नाही. तो उत्खननाने सांगावा लागतो. रशियातील विस येथे सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांपैकी एकाच्या टोकाखाली एल्क या मोठ्या हरणाचे मस्तक कोरलेले आहे. घसरण रोखण्यास ते उपयोगी पडत असावे असा तर्क आहे. नॉर्वेतील डिगरवार्डेन येथे वितळत्या बर्फातून २०१४ साली सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची एक स्की मिळाली. तिची जोडीदार काही मीटरांवरच होती, पण ती हाती येण्यास २०२१ साल उजाडले. सांगडीच्या भोपळ्यांना मात्र असे भाग्य नाही. ते कुजतात आणि मागे काहीच ठेवीत नाहीत, शब्दाखेरीज.

तो शब्दही आता पाण्याबाहेर आला आहे. ‘अनुभव आणि विचार यांची सांगड घालणे’ असे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भोपळे नसतात. भोपळे मात्र आहेत: पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तंबोरे व सतारी होतात. कठीण, पातळ, हलकी साल आणि आत कोंडलेली हवा, हे गुण तेच. केवळ आता त्यांवर देहाऐवजी स्वर तोलला जातो.