दोर कां तुटतो?

विहिरीचा गाळ उपसतांना मनुष्यास दोरानें खालीं सोडतात, तेव्हां त्याचा जीव अंबाडीच्या वाखावर टांगलेला असतो. तरीही पुष्कळ कास्तकार हातभर तुकड्यास झटका देऊन दोराची परीक्षा करितात. ती परीक्षा अपुरी कां, तें आम्ही येथें सांगतों.

दोरांतील सर्व तंतू सारखे बळकट नसतात. समजा, १०० तंतू आहेत. पहिला १ किलो पेलतो, दुसरा २, याप्रमाणें शंभरावा १०० किलो. बेरीज ५०५० किलो होते. परंतु खतावणींतील बेरजेप्रमाणें दोर चालत नाहीं. २००० किलो भार सर्वांनीं सारखा वांटून घेतला तर प्रत्येकीं २० किलो येतात आणि १९ अशक्त तंतू तुटतात. त्यांचा वांटा इतरांवर पडतो, मग आणखी ५ तुटतात, मग २, मग १. शेवटीं ७३ तंतू भार सांवरून धरितात. २५५० किलोंस ५१ तंतू कसेबसे टिकतात. त्यावर एक किलो चढतांच एकही उरत नाहीं. म्हणजे बेरजेच्या सुमारें निम्म्यावरच दोराचा अंत होतो, आणि अंत जवळ येतो तसतसे थोड्या वाढीव भारानें अधिकाधिक तंतू तुटतात. दोराची करकर ऐकूं येते ती हीच.

प्रत्यक्षांत तुटलेल्या तंतूचा भार शेजाऱ्यांवरच अधिक येतो, त्यामुळें दोर याहूनही लवकर जाऊं शकतो. उलट, चांगला पीळ असेल तर तुटलेला तंतू घर्षणानें थोड्या अंतरावर पुन्हा पकडला जातो. सैल वळलेला दोर स्वस्त मिळाला तरी आम्हांस तो महागच वाटतो.

दुसरी गोष्ट लांबीची. १९२६ सालीं इंग्लंडांत पीर्स यांनीं कापसाच्या सुताविषयीं हा विचार मांडला कीं, सूत सर्वांत दुबळ्या जागीं तुटतें. लांबी जितकी अधिक, तितका अतिदुबळी जागा सांपडण्याचा संभव अधिक. स्वीडनांतील वायबुल यांनीं १९३९ सालीं हाच विचार इतर पदार्थांस लावला. आलापल्लीच्या सागवानाचा लहान, बिनगांठीचा तुकडा जो जोर दाखवितो, तो त्याच प्रमाणांत लांब तुळईकडून मिळत नाहीं. कारण तुळईंत गांठी असतात.

म्हणून दोर पूर्ण लांबीनिशीं, माणसाच्या वजनाच्या अनेक पट वजन लावून पाहावा. त्या परीक्षेंत करकरला, तर तो पुढें बैल बांधण्यास ठेवावा. विहिरींत माणूस सोडण्यास घेऊं नये, कारण बाहेरून अखंड दिसला तरी आंतील कांहीं तंतू गेलेले असतात.