तव्यावरचा तिखट टोस्ट

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव ज्या पट्ट्यात येतात, तेथे ब्रेड खाण्याच्या दोन रीती एकमेकींना भेटतात. निपाणीच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देण्याची पद्धत आहे, तर दक्षिणेकडे हासन भागातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांच्या बेकऱ्यांनी मसाला टोस्ट, म्हणजे लोण्यावर भाजलेल्या ब्रेडवर कांदा, टोमॅटो, गाजराचा कीस आणि हिरवी मिरची यांचे परतलेले मिश्रण पसरलेला पदार्थ, कर्नाटकभर रूढ केला. उप्पीट ढवळत उभे राहण्याइतकी सवड नसलेल्या सकाळी या दोन्ही रीतींचा मेळ घालून जो तिखट टोस्ट करता येतो, त्याची खरी ओळख ब्रेडपेक्षा त्यात पडणाऱ्या चटणीत असते.

ही चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी होय. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी म्हणून ती केली जाते. वाळलेल्या मिरच्या, भाजलेले धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे व खडा मसाला यांत तेलावर तांबूस परतलेला कांदा, लसूण आणि मीठ घालून सर्व जिन्नस एकत्र कांडले जातात, त्यामुळे एका चमच्यात अख्खे वाटण तयार मिळते आणि ऐन वेळी वेगळी फोडणी करावी लागत नाही. तिखटपणासाठी हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी लांब मिरची आणि रंगासाठी हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अशी जोडी जमली तर चटणी लालभडक होते, पण नुसतीच जाळत नाही. मिरची १६व्या शतकात पोर्तुगिजांबरोबर भारतात आली आणि यीस्टचा पावही त्यांच्यामुळेच गोव्यात रुजला, हे लक्षात घेतले तर तिखट टोस्टाला परका ठरवणाऱ्यांना झुणकाही तिखटावाचून खावा लागेल.

चार स्लाइससाठी अर्धी वाटी बारीक रवा तेवढ्याच घट्ट दह्यात कालवून त्यात एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर आणि चहाचा एक चमचा चटणी घालावी व रवा फुगण्यासाठी मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे. मीठ मात्र मिश्रण स्लाइसवर लावतेवेळीच घालावे, कारण मिठाने कांद्याला पाणी सुटते आणि ब्रेड लिबलिबीत होतो. चटणीत मीठ असतेच, म्हणून ते बेतानेच पडावे. ब्रेड कालचा असला तर उत्तम, कारण शिळा होताना त्यातील स्टार्च घट्ट होतो आणि स्लाइस ओले मिश्रण न मोडता पेलते.

बिडाच्या तव्यावर तेल किंवा लोणी टाकून मिश्रणाची बाजू आधी खाली ठेवावी आणि कडा तांबूस दिसेपर्यंत उलथने लावू नये. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर पदार्थाला खमंगपणा देणारी प्रक्रिया, म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांचा संयोग, साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केल्याने ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मिश्रणातील पाणी उडाल्याशिवाय तेथील तापमान तेवढे चढत नाही, म्हणून मध्यम आच आणि थोडा धीर हवा. मोठ्या आचेवर चटणी करपते, ठसका लागतो आणि रवा आतून कच्चाच राहतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून लोण्यावर भाजलेल्या टोस्टात तो सर्वत्र सारखा लागतो, आणि दह्यातील केसिन नावाचे प्रथिन त्याची धार थोडी कमी करते.

दुसरी बाजू मिनिटभर शेकली की पुरे. तिखट न सोसणाऱ्या मुलांसाठी चटणी निम्मी करून दही वाढवण्यापेक्षा वरून लोण्याचा गोळा द्यावा, कारण जास्तीच्या दह्याने मिश्रण सैल पडते. हा टोस्ट डब्यात नेण्याचा पदार्थ नव्हे. वाफ कोंडली की तो दहा मिनिटांत मऊ पडतो, तेव्हा खाणारा पाटावर बसल्यावरच स्लाइस तव्यावर टाकावी.