काटकसरीच्या रुळांवरून सायकल

व्यापारी घराण्यांना त्रिएस्त हे नाव अगदीच परके वाटू नये. एड्रियाटिक समुद्राच्या माथ्याशी वसलेल्या या शहराला १७१९ साली मुक्त बंदराचा दर्जा मिळाला आणि ‘जनराली’ ही आज जगभर पसरलेली विमा कंपनी १८३१ मध्ये तेथेच स्थापन झाली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे ते प्रमुख बंदर. त्याच्या दक्षिणेस इस्त्रियाचा द्वीपकल्प आहे. तेथे द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि किनाऱ्यावर मिठागरे. माल भरपूर, परंतु तो बाजारपेठेपर्यंत पोहोचविणे कठीण. यासाठी १९०२ मध्ये त्रिएस्त ते पोरेच अशी रेल्वे सुरू झाली. पोरेचचे इटालियन नाव पारेन्झो; त्यावरून गाडीला ‘पारेन्झाना’ म्हणू लागले.

या रेल्वेची कथा मला मुख्यतः हिशेबाची कथा वाटते. सरळ रेषेत ही दोन गावे जेमतेम पन्नास किलोमीटर अंतरावर आहेत; लोहमार्ग मात्र १२३ किलोमीटरचा झाला. भांडवली खर्च वाचविण्यासाठी ७६० मिलिमीटर रुंदीचे अरुंद रूळ निवडले गेले. अरुंद रूळ तीव्र वळणे घेऊ शकतात. त्यामुळे डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. तरीही नऊ बोगदे खोदावे लागलेच. पुढे या वळशांचा भुर्दंड दररोज भरावा लागला. ताशी तीसेक किलोमीटरपेक्षा अधिक वेग क्वचितच साधे. चढावर इंजिनाला धाप लागे. प्रवासी उतरून द्राक्षे तोडत आणि पुन्हा गाडी पकडत, अशा गोष्टी तिकडे अजून रंगवून सांगतात. ‘बोरा’ नावाच्या थंड, झंझावाती वाऱ्याने १९१० मध्ये तर गाडीच उलथविली. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख इटलीकडे गेला, मोटारगाड्या वाढल्या, आणि ३१ ऑगस्ट १९३५ रोजी ही रेल्वे बंद झाली. रूळ उखडून नेले. तेहतीस वर्षांचे आयुष्य! एखाद्या प्रकल्पाचे कर्जप्रकरण तपासताना आम्ही ‘सुरुवातीचा खर्च कमी’ या ओळीखाली समाधानाने खूण करीत असू. पारेन्झानाचा हिशेब पाहिल्यावर ती ओळ पुन्हा वाचावीशी वाटते.

आणि तरीही तो खर्च वाया गेला, असे म्हणता येत नाही. शताब्दीच्या सुमारास या मार्गाचे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि युरोपीय संघाच्या साहाय्याने तेथे सायकलमार्ग तयार झाला. रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ हजार मीटरला २८ मीटर इतकाच आहे. ज्या वळशांनी गाडीला संथ केले, त्यांच्यामुळेच आज साठी ओलांडलेला माणूस समुद्रसपाटीपासून सुमारे २९० मीटर उंचीवरील ग्रोझ्न्यानपर्यंत दम न लागता पोहोचतो. पोरेच ते बुये हा भाग आम्ही उभयतांनी तीन दिवसांत केला. सौभाग्यवतींची सायकल विजेवर चालणारी होती आणि त्या सदैव पुढेच होत्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो.

पोरेचकडून निघाले की माती तांबडी दिसते. खाली चुनखडीचा खडक आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते, खडक हळूहळू विरघळवते आणि भूगर्भात विवरे कोरते. त्यामुळे भूपृष्ठावर ओढे जवळजवळ नाहीत. जमीन ठिकठिकाणी बशीसारखी खचलेली असून त्या बशांत तांबडी माती साठते. शेतकरी तेवढ्याच तुकड्यात पीक घेतो आणि निघालेल्या दगडांचे बांध रचतो. अशा भूप्रदेशाला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात. हा शब्द त्रिएस्तमागच्या पठाराच्या नावावरून आला आहे. विझिनादानंतर वाट मिरना नदीच्या खोऱ्यात उतरते, माती करडी होते आणि समोर टेकडीवर तटबंदीचे मोतोवुन गाव दिसू लागते. लिवादेच्या जुन्या स्थानकाजवळ रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे. तेथील छायाचित्रांपुढे आमचा तास कसा गेला, ते कळले नाही.

संपूर्ण मार्ग आज इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा तीन देशांतून जातो. बँकेतल्या माणसाचे लक्ष चलनाकडे जाणारच. या गावांनी शंभर वर्षांत क्रोन, लिरा, दिनार, मग टोलार आणि कुना हाताळले. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशियाने युरो स्वीकारल्यापासून साऱ्या वाटेवर एकच नाणे चालते.

मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरकडील आपल्या वाचकांना एव्हाना ‘शकुंतला’ आठवली असेल. तीही अरुंद रुळांची, ७६२ मिलिमीटरची; तीही एका पिकासाठी, कापसासाठी, टाकलेली. तेथील लोकांना सायकलमार्ग नको, रुंद रुळांची रेल्वे हवी आहे, आणि ती मागणी मला रास्त वाटते. मात्र दोन्हींसाठी एक गोष्ट समान लागते: जमिनीची ती सलग चिंचोळी पट्टी. पारेन्झानाचा बराचसा भराव, पूल आणि बोगदे सत्तर वर्षे पडून राहिले, तरी जागेवर राहिले. म्हणून पुढचे काम झाले. पट्टी तुकड्यातुकड्यांनी गिळली गेली, तर रेल्वेही नाही आणि वाटही नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडेसे. मे किंवा सप्टेंबर उत्तम. उन्हाळ्यात सावली कमी. क्रोएशियातील वाट बहुतांशी खडीची आहे, म्हणून रुंद टायरची सायकल घ्यावी. बोगद्यांसाठी दिवा जवळ असावा, आणि पाण्याची बाटली गाव दिसेल तेथे भरून घ्यावी.