हसविणाऱ्याचे दुखरे हृदय

१९६८ साली आलेला ‘द पार्टी’ हा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी पाहिला असेल. हॉलिवूडमधील बड्या असामीच्या घरच्या मेजवानीला चुकून बोलावला गेलेला ह्रुंदी बक्षी हा भोळा भारतीय नट, पाण्यात वाहून गेलेला त्याचा बूट आणि मग घरभर उडालेला गोंधळ. चेहऱ्याला रंग लावून रंगविलेला तो भारतीय आज काहींना खटकेल. परंतु त्या काळी चित्रपटगृहे हास्याने दणाणून गेली होती. ही भूमिका करणारे इंग्रज अभिनेते पीटर सेलर्स तेव्हा एका गंभीर हृदयविकारातून वाचून आलेले होते, हे मात्र पडद्यावर कोणाला जाणवले नसेल. आपल्या घरात हृदयरोगी असेल, तर त्यांची जीवनकथा आपण अवश्य जाणून घ्यावी.

सेलर्स यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२५ रोजी इंग्लंडमधील पोर्टस्मथ शहराच्या साउथसी भागात झाला. आईवडील दोघेही रंगमंचावर करमणुकीचे कार्यक्रम करणारे. त्यांचे पाळण्यातले नाव रिचर्ड हेन्री. परंतु त्यांच्या आधी मृतावस्थेत जन्मलेल्या भावाच्या नावाने, म्हणजे ‘पीटर’ म्हणूनच, घरचे त्यांना हाक मारीत. दुसऱ्या महायुद्धात वायुदलात असताना ते सैनिकांसाठी कार्यक्रम करीत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हुबेहूब नकला करून भल्याभल्यांना चकवीत. पुढे १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवरील ‘द गून शो’ने त्यांचा आवाज घराघरांत पोहोचविला. ‘द पिंक पँथर’मधील धांदरट इन्स्पेक्टर क्लूझो आणि १९६४ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मधील एकाच चित्रपटातील तीन भूमिका यांनी त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली.

नकलेत असे निपुण असलेले सेलर्स स्वतःविषयी मात्र म्हणत की, भूमिका बाजूला ठेवल्या तर आपल्याला स्वतःचे असे व्यक्तिमत्त्वच नाही. त्यांच्या लहरीपणाचे किस्से पुष्कळ आहेत. मोटारी ते सारख्या बदलीत. जांभळा रंग त्यांना अशुभ वाटे. महत्त्वाच्या निर्णयांसाठी ते भविष्यवेत्त्याचा सल्ला घेत. त्यांनी चार विवाह केले; मुलांशीही त्यांचे संबंध ताणलेलेच राहिले. हे किस्से ऐकताना हसू येते, परंतु अशा माणसासोबत राहणाऱ्यांची किती ओढाताण झाली असेल!

फेब्रुवारी १९६४ मध्ये स्वीडिश अभिनेत्री ब्रिट एकलंड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अवघ्या दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, लॉस एंजेलिस येथे त्यांना काही तासांत एकामागून एक असे आठ हृदयविकाराचे झटके आले. वय होते ३८ वर्षांचे. डॉक्टरांच्या शर्थीच्या प्रयत्नांनी ते वाचले. हाती असलेली भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. परंतु पुढच्याच वर्षी सेलर्स पुन्हा पडद्यावर दिसू लागले.

खरी चूक झाली ती यानंतर. १९६४ साली हृदयरोगावरील उपचार मर्यादित होते, हे खरे. बायपास शस्त्रक्रियेचा प्रसार १९६७ नंतर झाला, तर फुग्याने रोहिणी रुंद करण्याची अँजिओप्लास्टी १९७७ साली सुरू झाली. वैद्यकशास्त्र अशी पावले टाकीत असताना सेलर्स मात्र डॉक्टरी उपचारांना बगल देऊन, मानसिक शक्तीने रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्यांकडे जात राहिले. १९७७ मध्ये त्यांना पुन्हा मोठा झटका आला आणि पेसमेकर बसवावा लागला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेसमेकर हृदयाचे मंदावलेले ठोके नियमित राखतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांतील अडथळा तो दूर करीत नाही. तेव्हा ‘यंत्र बसविले, आता चिंता नाही’ असे समजून गोळ्या, पथ्य वा तपासण्या सोडणे धोक्याचे आहे. स्टेंट किंवा बायपासनंतरही हेच लागू पडते.

१९७९ च्या ‘बीइंग देअर’मध्ये सेलर्स यांनी दूरचित्रवाणीपलीकडचे जग न पाहिलेला माळी साकारला आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. जुलै १९८० मध्ये लंडनला ‘गून शो’मधील जुन्या मित्रांसोबत भोजनाचा बेत ठरला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत हृदयाची तपासणीही व्हायची होती. दोन्ही राहून गेले. २२ जुलैला हॉटेलात झटका आला आणि २४ जुलै रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे २००६ साली त्यांच्या मुलाचेही पन्नाशीतच हृदयविकाराने निधन झाले, आणि तेही २४ जुलैलाच. तारीख हा योगायोग म्हणू. परंतु आईवडिलांना लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर मुलांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वेळीच तपासून घ्यावे.

हट्टी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. रागावून वा भीती घालून रुग्ण ऐकत नाही. पुष्कळदा त्याच्या हट्टामागे भीतीच दडलेली असते. त्याला कशाची धास्ती वाटते, हे आधी शांतपणे विचारा. शस्त्रक्रियेची की परावलंबी होण्याची? मग डॉक्टरांकडे सोबत जा आणि त्याच्या शंका त्यालाच विचारू द्या. जप, प्रार्थना, योग यांतून मनाला बळ मिळत असेल तर ते जरूर करावे, परंतु औषध त्यांच्यासाठी बंद करू नये. झटक्यानंतर येणारी उदासी, चिडचिड आणि निद्रानाश यांविषयीही डॉक्टरांना सांगा. अहवालांची फाइल आणि औषधांची यादी हाताशी ठेवा.

वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये, छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक धाप लागणे, दरदरून घाम सुटणे, जबडा, पाठ वा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, ही लक्षणे ‘पित्त असेल’ म्हणून अंगावर काढू नका. रुग्णाला चालवू नका. बसवून ठेवा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सेलर्स यांचा एखादा चित्रपट घरातील ज्येष्ठांसोबत अवश्य पाहा, मनमुराद हसा. आणि लांबणीवर टाकलेली एखादी तपासणी असेल, तर त्याच दिवशी तिची वेळ ठरवून टाका.