कानठळ्या आणि श्रवणहानी : पुण्यातील विसर्जन मिरवणूक व ढोल-ताशा वादकांचा कान

प्रस्तावना

‘कानठळ्या बसणे’ हा वाक्प्रचार मराठीत बहुधा अतिशयोक्ती म्हणून योजला जातो. वास्तविक तो एका शारीरिक अवस्थेचे बरेचसे अचूक वर्णन आहे. प्रचंड आवाजात काही काळ राहिल्यानंतर कानात गुणगुण सुरू होते, समोरच्याचे बोलणे कापसाच्या बोळ्यातून आल्यासारखे मंद वाटते आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर ‘दडे सुटतात’. दडे सुटले म्हणजे कान पूर्ववत झाला, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे शहरातील गणेश विसर्जन मिरवणुकीच्या, विशेषतः ढोल-ताशा पथकांतील वादकांच्या संदर्भात केला आहे.

मिरवणुकीतील आवाजाचे स्वरूप

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थी गेली अनेक वर्षे लक्ष्मी रस्त्यावरील प्रमुख चौकांत विसर्जनाच्या दिवशी आवाजाची पातळी नोंदवीत आले आहेत. २०२२ साली ही सरासरी १०५ डेसिबलच्या घरात गेली होती. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये मिरवणूक निघाली नव्हती. त्यानंतरची ही पहिलीच मिरवणूक होय.

डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि १० डेसिबलने वाढली की दहापट. म्हणजेच ८५ व १०५ या आकड्यांतील अंतर प्रत्यक्षात शंभरपटीचे आहे. त्यातच लक्ष्मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग इमारती उभ्या आहेत. मोकळ्या मैदानात आवाज अंतरानुसार झपाट्याने विरतो, तसा तो येथे विरत नाही. भिंतींवर आपटून पुन्हा रस्त्यावरच येतो.

व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात अमेरिकेतील ‘निऑश’ या संस्थेची शिफारस प्रमाण मानली जाते. तीनुसार दिवसाला ८५ डेसिबल आवाज ८ तास चालू शकतो आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे, तर १०५ डेसिबलला जेमतेम ५ मिनिटे मिळतात. पुण्याची मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस तासांहूनही अधिक काळ चालते.

श्रवणहानीची प्रक्रिया

कानाच्या पडद्यावर आदळलेली कंपने हातोडा, ऐरण व रिकीब या तीन अस्थींमार्फत कर्णावर्तात, म्हणजे आंतरकर्णातील गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्यात पोहोचतात. तेथे सुमारे ३,५०० आंतर-रोमपेशी व १२,००० बाह्य-रोमपेशी असतात. यांची संख्या जन्माच्या वेळी असते तेवढीच. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा निर्माण होतात. मनुष्यासह सस्तन प्राण्यांमध्ये होत नाहीत.

मोठ्या आवाजापासून बचावाची एक नैसर्गिक योजना कानात आहे. रिकिबीला जोडलेला लहानसा स्नायू आकुंचन पावून अस्थींची हालचाल रोखतो. परंतु त्याला कार्यरत होण्यास सेकंदाचा काही अंश लागतो आणि त्याचा उपयोग मुख्यतः खालच्या पट्टीतील ध्वनींपुरता असतो. ताशाची कडकडीत, उंच पट्टीतील काडी पडते ती या योजनेला चकवूनच.

‘दडे सुटतात’ तेव्हा रोमपेशींचा थकवा उतरलेला असतो, हे खरे आहे. मात्र २००९ साली कुजावा व लिबरमन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगातून एक वेगळीच बाब दाखवून दिली. १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकविल्यानंतर उंदरांची ऐकण्याची मर्यादा काही दिवसांत पूर्ववत झाली. परंतु रोमपेशी व श्रवणचेता यांना जोडणाऱ्या चेतासंधींपैकी उंच पट्टीच्या भागातील जवळजवळ निम्म्या कायमच्या नष्ट झाल्या होत्या. माणसात हे नेमके कितपत घडते याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तथापि ‘सकाळी ऐकू येऊ लागले, म्हणजे काही झाले नाही’ हे अनुमान या निष्कर्षानंतर निर्धास्तपणे करता येत नाही.

कायमची हानी प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, ते आवाजाला भरीवपणा देतात. अर्थभेद करणारी स, श, थ, ख यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे अशा व्यक्तीला ‘सात’ आणि ‘हात’ यांतील फरक गर्दीत कळेनासा होतो. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही तिची तक्रार असते आणि घरचे लोक ती दुर्लक्षाची खोड मानतात.

कायद्याची मोजपट्टी

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रासाठी अनुक्रमे ६५ व ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिक्षेपकाबरोबरच वाद्यांवरही रात्रीचे निर्बंध आले. हे नियम उपयुक्त आहेत, पण ते परिसराचा आवाज मोजतात. एखाद्या माणसाच्या कानाने वर्षभरात किती आवाज सोसला, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील पथकांची सदस्यसंख्या ३० पर्यंत मर्यादित केली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशास स्थगिती दिली. या निमित्ताने शहरात परंपरा विरुद्ध शांतता असा वाद रंगला. भौतिकशास्त्र मात्र बाजूला राहिले. १२० ढोलांचे ३० ढोल केले तर दूरच्या श्रोत्यासाठी पातळी सुमारे ६ डेसिबलनेच उतरते. स्वतः वादकाच्या बाबतीत तर तेवढाही फरक पडत नाही, कारण त्याच्या कानावरील भार त्याच्या कमरेचा ढोल आणि शेजारचे चार-दोन ढोल-ताशे यांनीच ठरतो.

वादकाचा कान

रहिवाशाला खिडकी लावता येते, प्रेक्षकाला घरी जाता येते. वादकाला यांपैकी काहीच शक्य नसते. शिवाय त्याचा आवाज विसर्जनाच्या दिवसापुरता नसतो. नदीपात्रात व मोकळ्या पटांगणांत पथकांचा सराव उत्सवाच्या महिना-दोन महिने आधीच सुरू होतो. १०० डेसिबलमध्ये केलेला दोन तासांचा सराव हा वर दिलेल्या शिफारशीनुसार दिवसभराच्या मर्यादेच्या आठपट भरतो. वादक बहुधा महाविद्यालयीन वयाचे तरुण-तरुणी असतात. या वयात श्रवणशक्तीची शिल्लक भरपूर असल्याने तूट जाणवत नाही. ती चाळिशी-पन्नाशीत, वार्धक्याच्या नैसर्गिक ऱ्हासात मिसळून पुढे येते आणि तेव्हा तिचे कारण कोणी ढोलापाशी शोधीत नाही.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची गणना कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत अधिसूचनापात्र रोगांत झाली होती. पथकातील वादक हा कामगार नाही, स्वयंसेवक आहे. त्यामुळे असे संरक्षण त्याला लागूच झाले नाही.

उपाय खर्चिक नाहीत. अनेक वादक कानात कापूस घालतात, पण त्याने फारच थोडा आवाज अडतो. फोमचे कर्णरोधक नीट बसविल्यास २० ते ३० डेसिबलपर्यंत रोध होतो. तालाची जाण बिघडू नये म्हणून सर्व पट्ट्या सारख्याच कमी करणारे वादकांसाठीचे कर्णरोधकही मिळतात. सरावाच्या पहिल्या आठवड्यात एकदा व विसर्जनानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा श्रवणमापन चाचणी केल्यास ४,००० हर्ट्झवरील खळगा आलेखावर स्पष्ट दिसू शकतो. नावनोंदणीच्या अर्जात रक्तगटाच्या रकान्याशेजारी या चाचणीचा एक रकाना ठेवण्यास कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची आवश्यकता नाही.