नावे तीन, औषध एकच

गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सुरू असते. ताप आला म्हणून ‘डोलो ६५०’ घेतली जाते, पाठ धरली म्हणून मेडिकलमधून ‘कॉम्बिफ्लाम’ येते. नावे तीन, पण पॅरासिटामॉल अनेकदा तिन्हींत असते! निरोगी प्रौढासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्या. सर्दीच्या गोळीतलेही त्यातच मोजायचे. नियमित मद्यपान करणाऱ्यांना एवढेही जास्त होऊ शकते. यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, हीच खरी अडचण.

पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन सहसा चालते. ‘कॉम्बिफ्लाम’ म्हणजे तेच मिश्रण. मात्र आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक ही एकाच घरातली भावंडे. त्यातली दोन एकत्र घेतल्याने दुखणे फारसे कमी होत नाही. जठरातून रक्तस्रावाचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. सोबतची अॅसिडिटीची गोळी जठराला सांभाळते, मूत्रपिंडांना नाही. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण ते अॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते. डेंग्यूची शंका असेल तर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल.

मेडिकलमध्ये जाताना घरातल्या सुरू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या.